हेड गॅस्केट बदलूनही इंजिन ऑइलमध्ये कूलंट येत असेल, तर हेड पुन्हा उतरवण्यापूर्वी काय तपासावे

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. डिझेल गाडी खंबाटकी घाट चढताना गरम झाली, नंतर ऑइल दुधाळ दिसले, गॅरेजने हेड (इंजिन ब्लॉकवरचे झाकण) उतरवून फेसिंग करून घेतले, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट केला, आणि हेड व ब्लॉक यांच्यामधील नवीन गॅस्केट बसवले. काही आठवड्यांतच डिपस्टिकवर पुन्हा दुधाच्या चहासारखा रंग दिसू लागला, बॉटलमधील कूलंट कमी होत आहे आणि बॉटलच्या आतील बाजूला तपकिरी तेलकट थरही आहे. आता गॅरेजवाले म्हणतात की ब्लॉकला क्रॅक आहे, हाफ इंजिन (ब्लॉक, क्रँक आणि पिस्टनसह इंजिनचा खालचा भाग) बदलावे लागेल. हे मान्य करावे का, असे आपण विचारले आहे.

माझे उत्तर असे आहे की कूलंट नेमक्या कोणत्या वाटेने ऑइलमध्ये शिरते हे कोणी प्रत्यक्ष दाखवून देईपर्यंत ब्लॉकचा निर्णय मान्य करू नये, आणि हेडही पुन्हा उतरवू देऊ नये. पहिल्या वेळी दुधाळ ऑइल दिसताच दोष गॅस्केटचा ठरवला गेला. तो ठरवताना कोणती चाचणी झाली होती, हे आपल्या वर्णनात कोठेच नाही. गॅस्केट हे त्या वेळी कदाचित मूळ कारण नसेलच. आपण सांगितलेल्या खुणांपैकी मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती बॉटलमधील तेलकट थराची. तिच्याकडे पुढे सविस्तर येतो. त्याआधी गळती आजही चालू आहे की जुनेच पाणी ऑइलमध्ये राहिले आहे, हे ठरवणे आवश्यक आहे.

हेड उचलताना ब्लॉकमध्ये उरलेले कूलंट सिलिंडरमध्ये आणि ऑइल परतण्याच्या छिद्रांतून थेट चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीत, उतरते. काम झाल्यावर ऑइल एकदाच बदलले असेल, तर ऑइल कूलर (कूलंटच्या मदतीने ऑइल गार करणारा भाग), फिल्टर हाउसिंग आणि गॅलरी, म्हणजे ब्लॉकमधील ऑइलच्या वाटा, यांमध्ये राहिलेले जुने मिश्रण नव्या ऑइललाही दुधाळ करते. म्हणून ऑइल आणि फिल्टर बदलून इंजिन पंधरा-वीस मिनिटे पूर्ण गरम होईपर्यंत चालवावे, ते ऑइलही काढून टाकावे आणि पुन्हा नवीन ऑइल व फिल्टर घालावा. काही ठिकाणी या धुलाईसाठी चेंबरमध्ये डिझेल घालून इंजिन चालवतात. मला ते पसंत नाही, कारण पाण्यामुळे आधीच दुखावलेल्या बेअरिंगला त्या काळात वंगणच मिळत नाही. त्याच ग्रेडचे साधे, स्वस्त ऑइल त्यासाठी वापरावे.

त्यानंतर रोज सकाळी, इंजिन थंड असताना आणि गाडी एकाच सपाट जागी उभी असताना, बॉटलवर पातळीची खूण करावी. पाचसातशे मिलिलिटर कूलंट कमी झाले आणि बाहेर कोठे ओल नाही, तर गळती आतच आहे. पातळी हलत नसेल आणि फक्त ऑइल कॅपच्या आतील बाजूस पिवळसर साय दिसत असेल, पण डिपस्टिक स्वच्छ असेल, तर घाबरण्याचे कारण बहुधा नसते. पावसाळ्यात सिंहगड रस्त्यावरून डेक्कनपर्यंत रोज एवढीच गाडी चालवली, तर इंजिन पुरते तापत नाही आणि हवेतील बाष्प टॅपेट कव्हरच्या, म्हणजे हेडवरील झाकणाच्या, थंड पत्र्यावर जमा होते. तशी साय महामार्गावर तासभर गाडी चालवल्यावर नाहीशी होते. ऑइलची पातळी वाढली पण रंग दुधाळ नाही, तर ते बीएस ६ डिझेल गाड्यांत डीपीएफच्या (धुरातील काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) रिजनरेशनमुळे, म्हणजे साठलेली काजळी जाळण्याच्या प्रक्रियेमुळे, ऑइलमध्ये मिसळलेले डिझेल असू शकते. तो विषय निराळा आहे.

ऑइलमध्ये पाणी आहे की नाही हे पाहण्याची सर्वांत सोपी रीत चेंबरच्या नटापाशीच आहे. गाडी रात्रभर उभी ठेवावी, सकाळी इंजिन सुरू न करता नट हळूहळू, बोटांनी दाबून धरत सैल करावा आणि पहिल्या धारेखाली काचेची स्वच्छ बाटली धरावी. कूलंट ऑइलपेक्षा जड असल्याने मोकळे कूलंट तळाशी साठते आणि सर्वांत आधी तेच बाहेर येते. हिरवा, गुलाबी किंवा निळा, जो रंग बॉटलमध्ये आहे तोच रंग बाटलीत उतरला, तर पुढे वाद उरत नाही. मात्र सगळे पाणी ऑइलशी घुसळले गेले असेल तर असा वेगळा थर दिसणार नाही. अशा वेळी तापलेल्या पत्र्यावर ऑइलचे दोन थेंब टाकून पाहावेत. पाणी असेल तर ते तडतडतात. त्याहून खात्रीची रीत म्हणजे प्रयोगशाळेतील ऑइल तपासणी. चालत्या इंजिनमध्ये पाण्याचा अंश उडून जातो, परंतु कूलंटमधील गंजरोधक रसायनांचे सोडियम, पोटॅशियम आणि बोरॉन ऑइलमध्येच राहतात. काही ऑइलमध्ये ही मूलद्रव्ये मुळातच असतात, त्यामुळे त्याच ब्रँडच्या न वापरलेल्या ऑइलचा नमुना सोबत पाठवावा. नाहीतर अहवालाचा अर्थ लागत नाही.

आता दाबाचा विचार करू, कारण निदानाची खरी किल्ली तिथे आहे. इंजिन चालू असताना ऑइल गॅलरीत साधारण तीन ते पाच बार दाब असतो आणि कूलिंग सिस्टीममध्ये कॅपवर छापलेला, म्हणजे बहुतेक गाड्यांत एक ते दीड बार. ऑइलची दाबाची वाट आणि कूलंटची वाट यांच्यामधील भिंत जिथे फुटते, तिथे चालत्या इंजिनमध्ये ऑइल कूलंटमध्ये जाते. इंजिन बंद केल्यावर ऑइलचा दाब क्षणात शून्य होतो, पण गरम कूलंटचा दाब बराच वेळ टिकतो, आणि तेवढ्या वेळात प्रवाह उलटा होऊन कूलंट ऑइलमध्ये उतरते. दोन्हीकडे घाण दिसते ती यामुळे. अशा जागा इंजिनात मोजक्याच असतात: ऑइल कूलर आणि त्याची सीले, तसेच गॅस्केटमधून हेडकडे वर जाणारे दाबाच्या ऑइलचे छिद्र. त्याउलट ऑइल परतण्याची छिद्रे, टायमिंग कव्हर, वॉटर बॉडीची (कूलंट फिरवणाऱ्या पंपाची) आतील बाजू, लायनरचा (सिलिंडरच्या नळीचा) खालचा भाग किंवा चेंबरकडे उघडणारा ब्लॉकचा क्रॅक या ठिकाणी ऑइलला दाब नसतो. तिथून गळती झाली तर कूलंट ऑइलमध्ये जाईल, पण बॉटलमध्ये ऑइल येण्याचे कारण राहत नाही.

आपल्या बॉटलमधील तेलकट थर म्हणूनच महत्त्वाचा आहे. अर्थात तो पहिल्या बिघाडाच्या वेळचाही असू शकतो, कारण होजच्या आतील बाजूला चिकटलेले ऑइल महिनोन्महिने सुटत राहते. कूलिंग सिस्टीम धुऊन, बॉटल स्वतंत्र काढून साबणाच्या पाण्याने स्वच्छ करून पुन्हा भरावी. आठवड्याभरात ताजा थर आला, तर संशयाचे बोट प्रथम ऑइल कूलरकडे जाते. तो बहुतेक डिझेल इंजिनांत फिल्टर हाउसिंगला जोडलेला असतो, आणि इंजिन एकदा जबर तापले की त्याची रबरी सीले कडक होऊन बसतात. हेडचे काम करताना त्यांना कोणी हात लावत नाही, त्यामुळे गॅस्केट नवीन असूनही लक्षण तसेच राहते. पहिल्या वेळीही हाच दोष असणे अगदी शक्य आहे.

कूलर वेगळा काढून तपासता येतो. त्याची ऑइलची बाजू पट्टी लावून बंद करावी, त्यात चार बारपर्यंत हवा भरून तो साधारण ७० ते ८० अंश तापमानाच्या पाण्यात बुडवावा आणि बुडबुड्यांची वाट पाहावी. गरम पाण्याचा आग्रह यासाठी, की थंड असताना धातूच्या बारीक भेगा मिटलेल्या राहतात. दाबाखालील वस्तू हाताळताना चेहरा दूर ठेवावा. कूलरला कूलंटचे स्वतंत्र होज असतील, तर ते दोन्ही काढून एकमेकांना जोडावेत आणि कूलरच्या तोंडांना बूच लावावे. अशा अवस्थेत काही दिवस शहरातल्या शहरात सावकाश गाडी चालवून पातळी हलते का ते पाहता येते. घाटात किंवा एक्सप्रेसवेवर अशी गाडी नेऊ नये, कारण ऑइल गार होण्याची सोय तेव्हा बंद केलेली असते.

कूलर निर्दोष ठरला की पुढची पायरी म्हणजे चेंबर उतरवून दाब चाचणी. या चाचणीला वेळ लागतो म्हणून ती टाळली जाते, पण हाफ इंजिनच्या खर्चापुढे हा वेळ काहीच नाही. गाडी लिफ्टवर घ्यावी, ऑइल काढावे, चेंबर खोलावे, क्रँक आणि सिलिंडरची खालची बाजू फडक्याने अगदी कोरडी पुसून घ्यावी. मग बॉटलच्या तोंडावर हातपंपाचा टेस्टर बसवून कॅपवर लिहिलेल्या दाबाइतकाच दाब द्यावा. त्याहून अधिक दिला तर रेडिएटरची प्लास्टिकची टाकी फुटू शकते आणि नवे काम निघते. खाली पांढरा पुठ्ठा पसरावा, टॉर्च लावावा आणि घाई करू नये. काही गळत्या पाच मिनिटांत दिसतात, तर काहींना रात्र लागते. कूलंटमध्ये यूव्ही डाय घालून ठेवली असेल, तर निळ्या दिव्याखाली ओघळाची रेष वरपर्यंत शोधता येते.

थेंब कोठे पडतो याला सगळा अर्थ आहे. सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून पिस्टनच्या खालच्या कडेला थेंब लटकत असेल, तर पाणी वरून, म्हणजे ज्वलनकक्षातून आलेले असते. दोष त्या सिलिंडरच्या गॅस्केटमध्ये किंवा हेडच्या क्रॅकमध्ये असतो. लायनर आणि ब्लॉक यांच्या सांध्यातून येत असेल, तर वेट लायनरची, म्हणजे बाहेरून थेट कूलंटमध्ये असलेल्या लायनरची, ओ-रिंग गेलेली असते. हे ट्रक, ट्रॅक्टर आणि काही मोठ्या डिझेल इंजिनांत आढळते. पुढच्या टायमिंग कव्हरच्या बाजूने ओघळ येत असेल, तर वॉटर बॉडीचे सील किंवा कव्हरचे गॅस्केट पाहावे. हेड बसवताना हेड, ब्लॉक आणि कव्हर हे तिन्ही जिथे एकत्र येतात त्या कोपऱ्यात सीलंट कमी पडले, तर तिथूनही पाणी उतरते. ऑइल परतण्याच्या वाटेतून थेंब येत असेल, तर हेडचा वरचा भाग, त्यावरील कोअर प्लग (पाण्याच्या वाटेवरची पत्र्याची बुचे) आणि गॅस्केटची कडा यांकडे वळावे.

आणि मेन बेअरिंगच्या, म्हणजे क्रँकला ब्लॉकमध्ये आधार देणाऱ्या बेअरिंगच्या, आसपास थेंब दिसला, तर? इथेच बहुतेक गॅरेजमध्ये ‘ब्लॉक क्रॅक’ असे जाहीर होते. वास्तविक कूलरमधून गळणारे कूलंट मेन गॅलरीत उतरते आणि इंजिन बंद असताना ते बेअरिंगच्या फटींतूनच खाली टपकते. म्हणजे कूलरचा दोष हुबेहूब ब्लॉकच्या क्रॅकसारखा दिसतो. कूलर बाजूला काढून, त्याच्या वाटा बंद करून ही चाचणी पुन्हा घेतली आणि तरीही बेअरिंगच्या मधल्या भिंतीतून थेंब आला, तरच ब्लॉकवर ठपका ठेवावा. आपल्या गॅरेजला माझा पहिला प्रश्न हाच असेल: ब्लॉकचा क्रॅक तुम्ही डोळ्यांनी पाहिला, की अनुमान काढले?

बॉटलच्या तोंडावर लावून निळ्या द्रवाचा रंग बदलतो का ते पाहण्याची चाचणी अनेक जण करतात. ती ज्वलनातील कार्बन डायऑक्साइड शोधते. दोष कूलंट आणि ऑइल यांच्यापुरताच असेल तर ती निर्दोष उत्तर देणार, शिवाय आयडलवर चालणाऱ्या डिझेल इंजिनात कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण पेट्रोलपेक्षा बरेच कमी असते. रंग बदलला तर पुरावा आहे, न बदलला तर काहीच सिद्ध होत नाही. ईजीआर कूलरविषयी (इंजिनात परत सोडला जाणारा धूर कूलंटने गार करणाऱ्या भागाविषयी) एवढेच सांगतो, की तो फुटला तर पांढरा धूर आणि कूलंटची घट दिसते, पण ऑइल सहसा दुधाळ होत नाही.

या सर्व तपासणीनंतर बोट खरोखर गॅस्केटकडेच गेले, तर हेड उतरवण्याआधी पहिल्या कामाची मापे मागावीत. ‘फेसिंग केले’ हे पुरेसे उत्तर नव्हे. हेडच्या तळाची सपाटी स्ट्रेट एज आणि फिलर गेजने लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत मोजलेली असावी. ॲल्युमिनियम हेडच्या बाबतीत अनेक कंपन्या ०.०५ मिलिमीटरच्या जवळपासची मर्यादा देतात, नेमका आकडा आपल्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये पाहावा. हेच माप ब्लॉकच्या माथ्याचेही घ्यावे लागते आणि ते क्वचितच घेतले जाते. दुसरे असे, की हेड तापून वाकलेले असते तेव्हा त्याची वरची बाजूही वाकलेली असते. तळ घासून सपाट झाला तरी कॅमशाफ्टची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) भोके एका रेषेत येत नाहीत, म्हणून कॅमशाफ्ट बसवल्यावर ती हाताने सहज फिरते का ते पाहावे. काही डिझेल इंजिनांत हेडला फेसिंग करण्याची परवानगीच कंपनी देत नाही. याशिवाय खूप तापलेले हेड मऊ पडते. मशीन शॉपमध्ये त्याची कठीणता मोजून घेता येते, आणि गरम पाण्यात दाब देऊन क्रॅक तपासता येतो. भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात हे काम नीट करणारे लोक आहेत; फक्त त्यांना ‘टेस्टिंगही करा आणि आकडे लिहून द्या’ असे स्पष्ट सांगावे लागते.

गॅस्केटच्या जाडीकडे तर फार दुर्लक्ष होते. डिझेल इंजिनाच्या गॅस्केटच्या कडेला खाचा किंवा छिद्रे असतात, ती त्याच्या जाडीची खूण असते. पिस्टन ब्लॉकच्या माथ्यावर किती वर येतो हे डायल गेजने मोजून त्यानुसार जाडी निवडायची असते. नाना पेठेतील दुकानात ‘या मॉडेलचे गॅस्केट द्या’ म्हणून जे हातात पडेल ते बसवायचे नसते. धातूच्या अनेक थरांच्या गॅस्केटला अतिशय गुळगुळीत पृष्ठभाग लागतो आणि त्याच्यावर सिलिकॉन लावणे म्हणजे त्याचे काम बिघडवणे. ग्राइंडरला घासण्याची चकती लावून ब्लॉकचा माथा साफ केला असेल, तर दोन दोष एकदम निर्माण होतात: माथ्यावर खोलगट डाग पडतात आणि चकतीची कठीण भुकटी ऑइलबरोबर बेअरिंगमध्ये जाते.

पुण्याच्या उपनगरांत आणखी एक गोष्ट हमखास आढळते. बोअरवेलचे किंवा टँकरचे पाणी बॉटलमध्ये टाकण्याची सवय. त्या क्षारांमुळे पाण्याच्या छिद्रांभोवती ॲल्युमिनियम खाल्ले जाते आणि नेमक्या त्या खड्ड्यांवर गॅस्केटची कडा येते. फेसिंगने ते खड्डे पूर्ण गेले की नाही, हे हेड बसण्यापूर्वी स्वतः पाहून घ्यावे. गॅस्केटचे जुने तुकडे फेकू देऊ नयेत; त्यावरील ओघळाची काळी किंवा गंजलेली रेष पुढची निम्मी कहाणी सांगते.

बोल्टबाबत दोन गोष्टी. ठरावीक टॉर्क देऊन पुढे अंशांत फिरवायचे बोल्ट ताणले जातात, आणि बहुसंख्य इंजिनांत ते पुन्हा वापरायचे नसतात. बोल्टच्या भोकांत ऑइल किंवा कूलंट साचलेले असेल, तर बोल्ट द्रवावरच टेकतो. टॉर्क रेंच पूर्ण आकडा दाखवतो, पण हेड मात्र दाबले जात नाही. जास्त जोर लावला तर तो द्रव ब्लॉकलाच चिरतो. ‘परत एकदा टाइट करून पाहू’ असा सल्ला अशा बोल्टच्या बाबतीत उपाय ठरत नाही. तसेच गळती बंद करणारी द्रव्ये किंवा पावडर कूलंटमध्ये टाकू नयेत. ती हीटर आणि कूलरच्या बारीक वाटा बुजवतात आणि खरा दोष लपवतात.

दोष सापडून दुरुस्ती होईपर्यंत, वर सांगितलेल्या चाचण्यांपुरते चालवणे सोडले तर, गाडी चालवू नये. ग्लायकॉल ऑइलमध्ये मिसळल्यावर आम्ले तयार होतात आणि बेअरिंगवरील मऊ थर खाल्ला जातो. सकाळी स्टार्टर मारताना इंजिन मध्येच अडकल्यासारखे वाटले, तर दुसऱ्यांदा किल्ली फिरवू नये. सिलिंडरमध्ये कूलंट साठलेले असू शकते आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. ग्लो प्लग किंवा इंजेक्टर काढूनच इंजिन फिरवावे. चेंबर उतरवलेच आहे, तर एक-दोन मेन आणि बिग एंड (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाच्या) बेअरिंगचे कप काढून पाहावेत. त्यांचा राखाडी थर झिजून खाली तांबूस रंग दिसत असेल, तर ते त्याच वेळी बदलून घ्यावेत.

गळती कोठेही सापडो, दुरुस्तीनंतर ऑइल आणि फिल्टर थोड्या थोड्या अंतराने दोनदा बदलावे. कूलिंग सिस्टीममधील ऑइल त्यासाठीच्या क्लीनरने काढून ती भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावी आणि कंपनीने सांगितलेले कूलंट डिस्टिल्ड पाण्याबरोबर भरावे. रेडिएटरचे होज हाताने दाबून पाहावेत. ऑइल शोषून मऊ आणि फुगीर झालेले होज बदलून टाकावेत, अन्यथा पुढच्या घाटात तेच फुटतील.